रुमालाखालचा शब्द

ज्येष्ठाच्या पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्री बेंदूर, श्रावणी अमावास्येस पोळा आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत भाद्रपदी अमावास्येसही पोळा, असा बैलाचा सण आपल्याकडे तीन-चार महिने गावोगाव फिरत असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली घासून निबर झालेले बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळले जातात. उद्याच्या जेवणाचे आवतण त्याला रीतसर दिले जाते. सणाच्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झूल आणि मुखी पुरणपोळीचा घास असा त्याचा थाट असतो. या सोहळ्यात ज्याचा त्याचा मान ठरलेला असतो. मातीचे बैल घडवणाऱ्या कुंभाराला त्याचा वाटा मिळतो, कासरे वळणाऱ्याला मिळतो, वर्षभर बैलामागे राबलेल्या गड्याला नवे पागोटे मिळते. परंतु हा बैल ज्याच्या शब्दावर या दावणीला आला, त्या माणसाची आठवण कोणत्याही घरी निघत नाही. तो माणूस म्हणजे गुरांच्या बाजारातील दलाल. कुणी त्याला हेडी म्हणतात, कुणी मध्यस्थ म्हणतात. तोंडावर त्याला ‘तात्या’, ‘आण्णा’, ‘चाचा’ अशी आदराची हाक असते. मात्र पाठीमागे त्याच्याविषयी बरे बोलणारा क्वचितच भेटतो.

भोर आणि वेल्हे या सह्याद्रीच्या कुशीतील दोन तालुक्यांच्या निमित्ताने या उपेक्षित माणसाच्या विद्येची आणि त्याच्या जिण्याची थोडी ओळख करून घ्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

दोन तऱ्हांचे लिलाव

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या बोलीतून, किनाऱ्यावरील बंदरांच्या वाटेने आला. ‘दलाल’ हा शब्द अरबी वळणाचा. शब्द परके असले तरी व्यवहार मात्र आपल्या मातीत पुरता मुरला आहे. जनावराची किंमत ठरवण्याच्या दोन रीती आपल्या खेड्यांनी पाहिल्या. एक उघड, चारचौघांत मोठ्याने पुकारण्याची. दुसरी झाकलेली, एका शब्दाचाही उच्चार न करता ठरवण्याची. गुरांचा लिलाव पुकारणारा माणूस पाश्चात्य देशांत मोठ्या इभ्रतीचा मानला जातो. उंच चौथऱ्यावर उभा राहून तो अखंड बोलत असतो आणि समोरची माणसे मानेच्या हालचालीने बोली वाढवत असतात. आपल्या बाजारात हे चित्र सहसा दिसत नाही. आपला दलाल चौथऱ्यावर चढत नाही. तो दोन माणसांच्या मधोमध उभा राहतो आणि नेमकी किंमत बोलायची वेळ आली म्हणजे गप्प होतो.

उघड लिलावाची रीत आपल्या खेड्यांना माहीत झाली ती मुख्यतः कोंडवाड्यामुळे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावयाचे आणि दंड व वैरणीचा खर्च भरून मालकाने ते सोडवून न्यावयाचे, ही व्यवस्था ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने पक्की केली. त्या कायद्याची कलमे आज वाचली तरी त्यांतील व्यवहारज्ञान जाणवते. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्यावर कळवावयाचे. जनावराचे वर्णन लिहून नोटीस लावावयाची. जेथे ते पकडले त्या गावात आणि जवळच्या बाजारपेठेत दवंडी पिटवावयाची. आणखी सात दिवस वाट पाहावयाची आणि त्यानंतरच जाहीर लिलाव करावयाचा. दंड आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची. शिवाय पोलीस किंवा कोंडवाड्याचा रखवालदार यांना त्या लिलावात स्वतः किंवा दुसऱ्याच्या आडून जनावर घेण्याची बंदी होती. ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्याच्याच मनात त्याची किंमत पाडण्याचा मोह उत्पन्न होईल, हे कायदा करणाऱ्यांनी नीट ओळखले होते.

‘एक वार, दोन वार’ असे म्हणून पुकारणारा क्षणभर थांबे. त्या थांबण्यात सगळी मेख असे. तिसरा वार उच्चारला की जनावर दुसऱ्याचे झाले. कोंडवाड्यात पडलेले जनावर बहुधा अशा माणसाचे असे की ज्याच्यापाशी दंडाचे पैसे नसत. म्हणून गर्दीच्या कडेला मान खाली घालून उभा असलेला तो मालक कोण, हे पुकारणाऱ्याला ठाऊक असे आणि बोली बोलणाऱ्यांनाही ठाऊक असे. उघड्या लिलावात लपवण्यासारखे काही नसते हे खरे. परंतु म्हणूनच तेथे कुणाची अब्रूही झाकली जात नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवला म्हणजे गुरांच्या बाजारातील रुमालाचा अर्थ पुढे उलगडतो.

डोंगरी मुलखाचे गिऱ्हाईक

भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख. नीरा, येळवंडी, गुंजवणी, कानंदी यांच्या खोऱ्यांनी तो चिरला गेला आहे. १९४८ साली विलीन झालेल्या भोर संस्थानातील तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. रोहिड्याचे नाव विचित्रगड, तोरण्याचे प्रचंडगड. त्यांच्याच जोडीला राजगड आणि सुधागड. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा जुन्या दप्तरातील एक नाव पुन्हा वापरात आले, असे म्हणावयास हरकत नाही.

या मुलखाच्या पश्चिमेकडे पाऊस मुसळधार, पूर्वेकडे तो उतरत जातो. डोंगरउतारावर बांध घालून काढलेली भाताची लहान लहान खाचरे हीच येथील शेती. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, पावसाच्या तोंडावर पेरणी, आषाढात चिखलणी आणि आवणी, कार्तिकाच्या सुमारास कापणी आणि मग खळ्यावर मळणी. यांतील चिखलणी हे बैलाच्या कसोटीचे काम. गुडघाभर चिखलात, वरून धो धो पाऊस पडत असताना, चार पावलांवर वळावे लागणाऱ्या चिंचोळ्या खाचरात औत ओढावयाचे. तेथे माणदेशातील उंच, पांढराशुभ्र, ताठ शिंगांचा खिल्लार कितीही देखणा असला तरी उपयोगी पडेलच असे नाही. तो कोरड्या रानाचा आणि लांब सडकेचा धनी. डोंगरात बैल हवा तो आटोपशीर अंगाचा, कठीण खुराचा, चिखलातून पाय झटकन उचलणारा आणि पावसाला न कंटाळणारा. नाशिक-नगरच्या डोंगरपट्ट्यातील डांगी बैलाच्या कातडीवर तेलकट अंश असतो, त्यामुळे पावसाचे पाणी त्याच्या अंगात मुरत नाही, असे जाणकार सांगतात. भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवला तो मुख्यतः स्थानिक गावठी जनावरावर.

म्हणून या भागात बैल विकणाऱ्या-घेणाऱ्याला मुलखाचा नकाशा पाठ असावा लागतो. कोणत्या वाडीत खाचरे आहेत, कोठे वरकस जमीन, कोठे धरणाच्या पाण्याने गायरान गिळले, कोणत्या माथ्यावर धनगरवाडा आहे आणि तेथे यंदा किती गोऱ्हे वयात आले, ही सारी माहिती दलालाच्या जिभेवर असते. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुढे पुन्हा बांधले गेले. त्यानंतर वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर असे एकामागून एक जलाशय या खोऱ्यांत उभे राहिले. पुण्याला आणि पूर्वेच्या उसाला पाणी मिळाले. ज्यांची खोऱ्यातील सपाट जमीन पाण्याखाली गेली, त्यांच्या दावणीही त्याबरोबर आखडल्या. गावे उठली तेव्हा घरातील भांडीकुंडी गाडीत घालता आली, परंतु चाऱ्याचे रान सोबत नेता आले नाही. अशा वेळी जनावर बाजारात उभे करण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. आणि विकणारा अडलेला आहे, हे दलालाला सर्वांत आधी कळते. या ज्ञानाचा तो काय उपयोग करतो, यावरच त्याची परीक्षा होते.

भोर, नसरापूर, वेल्हे ही येथील नित्याच्या व्यवहाराची ठिकाणे. मोठी खरेदी असली की पावले बाहेर वळतात. खेड तालुक्यातील चाकणचा शनिवार, जुन्नरकडील बेल्ह्याचा सोमवार, साताऱ्याच्या सरहद्दीवरील लोणंद ही त्यांतील ठळक नावे. शिवाय देवदेवतांच्या जत्रा आहेतच. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, नांदेडकडील माळेगावचा खंडोबा, पंढरीच्या कार्तिकीला वाखरीजवळ भरणारा बाजार, या ठिकाणी देवदर्शन आणि जनावरांचा व्यवहार एकाच वेळी चालतो. पुणे जिल्ह्यातच जेजुरीला पौष पौर्णिमेस गाढवांचा बाजार भरतो. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी अशा कष्टकरी समाजांची मंडळी दूरदूरहून तेथे येतात, आणि सौराष्ट्रातून आलेली काठेवाडी गाढवे अधिक मोलाने विकली जातात. देवाच्या दारी झालेला सौदा सहसा मोडू नये, अशी भावना या जत्रांतील व्यवहारामागे असते. लेखी करार नसलेल्या काळी ती मोठ्या कामाची होती.

दातांचे पंचांग

जनावराच्या जन्माची नोंद कोणी ठेवत नाही. त्याचे वय त्याच्या तोंडात लिहिलेले असते. दलाल बैलाच्या नाकपुडीत बोटे घालून त्याचा जबडा उघडतो आणि एका दृष्टिक्षेपात खालचे दात पाहतो. दुधाचे दात पडले नसतील तर ते ‘आदत’. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन पक्के दात येतात, तो ‘दुसा’. तिसरे वर्ष सरता सरता चार होतात, तो ‘चौसा’. पुढे सहा दात येतात आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही दात पुरे होऊन बैल ‘जुळतो’. जुळल्यानंतर दात वाढत नाहीत, झिजत जातात. आणि ती झीज वाचणे ही खरी विद्या. आठ वर्षांचा बैल सहाचा म्हणून खपवणारे कमी नसतात.

तोंड पाहिले की दलाल मागे सरतो आणि बैल चालवावयास सांगतो. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो की नाही, खूर फाकलेला आहे की आवळ, वशिंड एका बाजूस कलले आहे काय, खांद्यावर जुनी गाठ आहे काय, हे सारे दहा-वीस पावलांत पाहून होते. नाकाडीवर दव पडल्यासारखा ओलावा हवा. ती कोरडी दिसली तर ताप आहे असे समजावे. शेपटीला हात लावला असता बैल चमकला पाहिजे, परंतु लाथ झाडता कामा नये. मग जुवाला लावून पाहणे. उजवीकडे चालणारा बैल डावीकडे जुंपला तर बिथरतो, म्हणून जोडी लावताना बाजूही विचारली जाते. या सर्वांवर पुन्हा खोडींचे शास्त्र. अमुक ठिकाणी भोवरा असला तर धन्याला वाईट, अमुक ठिकाणी गोम असली तर घर बसते, अशा समजुती बाजारात अजूनही ऐकू येतात. शहाणा दलाल त्यांवर वाद घालत नाही. ‘जनावर कामाला कसे आहे ते बघा, भोवरा काय नांगर ओढतो?’ एवढे म्हणून तो विषय बदलतो. मात्र घेणाऱ्याच्या घरी म्हातारी आई आहे आणि ती भोवरा पाहून बैल परत पाठवील, हे ठाऊक असेल तर तो आधीच सांगून टाकतो.

विद्या म्हटली की तिच्यामागे लबाडीही आलीच. म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून गुळगुळीत करावयाची, म्हणजे वयाची वळी दिसत नाहीत. गाई-म्हशीचे दूध एक वेळ काढावयाचे नाही, म्हणजे कास तटतटलेली दिसते. बाजाराच्या सकाळी भरपूर पाणी पाजावयाचे, म्हणजे खपाटीला गेलेले पोट भरून येते. या युक्त्या जो दलाल ओळखत नाही तो फार काळ टिकत नाही. आणि ओळखूनही जो बोलत नाही, तोही डोंगरी भागात टिकत नाही. चाकणच्या गर्दीत फसवलेले गिऱ्हाईक पुन्हा भेटेलच असे नाही. परंतु भोर-वेल्ह्यात ते पुढच्या आठवड्याच्या बाजारात भेटते, एस. टी. च्या थांब्यावर भेटते आणि सोयरिकीच्या मांडवातही भेटते.

करपल्लवी

जनावर पसंत पडले की मोलाची गोष्ट निघते. येथे आपल्या बाजाराची खास रीत दिसते. दलाल खांद्यावरचा पंचा किंवा रुमाल काढतो, विकणाऱ्याचा हात हातात घेतो आणि वरून कापड टाकतो. बोटांनी बोलण्याच्या विद्येला आपल्याकडे ‘करपल्लवी’ असे सुंदर नाव आहे. तिचा हा रोजच्या व्यवहारातील अवतार. एक बोट धरले म्हणजे एक, दोन धरली म्हणजे दोन, सबंध पंजा म्हणजे पाच. पंजा दाबून पुन्हा एक बोट धरले की सहा. हे एक म्हणजे शंभर, हजार की दहा हजार, ते बोलावे लागत नाही. जनावराकडे पाहूनच दोघांना ते कळलेले असते. बारीकसारीक संकेत बाजाराबाजारांत बदलतात, परंतु मूळ पद्धत सर्वत्र हीच.

विकणाऱ्याचा आकडा घेऊन दलाल घेणाऱ्याकडे जातो, पुन्हा रुमाल, पुन्हा बोटे. वर चेहरे निर्विकार असतात. अवतीभोवती उभे असलेल्या दहा-वीस माणसांना एवढेच दिसते की एकाने हात हिसडला आणि दुसऱ्याने पुन्हा धरला. तोंडाने मात्र दलालाचे वेगळेच चाललेले असते. ‘पाव्हणं, बैल देखणा हाय म्हणून सांगत न्हाई, गरीब हाय म्हणून सांगतो. पोरगं धरंल कासरा.’ किंवा विकणाऱ्याला, ‘दादा, पाऊस तोंडावर आलाय. आज गेला तर तुमच्या मनासारख्या घरी जाईल. पुढल्या बाजारी कुणाच्या हाती पडंल, सांगता येत न्हाई.’ तोंडाचे बोल मन वळवण्यासाठी असतात आणि बोटे हिशेबासाठी.

अखेर दोन आकड्यांत थोडेच अंतर राहते. त्या वेळी दलाल दोघांचे हात एकमेकांच्या हातांत देऊन वरून आपला तळवा मारतो. सौदा तुटला. आपल्या भाषेत सौदा ‘तुटला’ म्हणजे मोडला नव्हे, ठरला. ओढाताण संपली, एवढाच त्याचा अर्थ. लगेच विसार म्हणून काही रक्कम दिली जाते. विसार घेतल्यानंतर दुसरा कोणी दुप्पट देऊ लागला तरी शब्द फिरवावयाचा नाही, हा दंडक. जो फिरवतो त्याच्या हातावर पुन्हा कोणी रुमाल टाकत नाही.

उघड की झाकून?

या गुप्त रीतीवर टीका झाली आहे आणि ती अकारण नाही. शेतमालाच्या व्यापारात हीच पद्धत ‘हत्ता’ या नावाने बदनाम होती. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली काय ठरवतात, हे समोर बसलेल्या शेतकऱ्याला कळतच नसे. शाही कृषी आयोगाने १९२८ साली नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली आणि पुढे आपल्या राज्यात १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजारविषयक कायद्याने उघड लिलाव, खरे माप आणि रीतसर पावती यांचा आग्रह धरला. त्याचा शेतकऱ्याला निश्चित फायदा झाला. मग धान्याच्या बाजारातून गेलेला रुमाल गुरांच्या बाजारात का टिकून राहिला?

याचे एक कारण वस्तूच्या स्वरूपातच आहे. ज्वारीच्या एका पोत्यासारखे दुसरे पोते असते. एका बैलासारखा दुसरा बैल नसतो. त्याचा एकच दर पुकारता येत नाही. दुसरे कारण माणसाच्या मनात आहे. बैल विकावा लागणे ही कुणबिकीत अब्रूची गोष्ट समजली जाते. लेकीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी किंवा सावकाराच्या तगाद्यामुळे दावणीचा बैल काढणाऱ्याला, आपण कितीला नमलो हे चारचौघांत कळू नये असे वाटते. घेणाऱ्यालाही आपली ऐपत गावभर होऊ द्यावयाची नसते. कोंडवाड्याच्या लिलावात कडेला मान घालून उभा राहिलेला जो माणूस आपण पाहिला, त्याला जे झाकण मिळाले नाही, ते येथे एका पंचाने मिळते.

परंतु त्याच पंचाखाली दलालाने विकणाऱ्याला एक आकडा आणि घेणाऱ्याला दुसरा सांगितला, तर मधली रक्कम कोणाच्या खिशात जाते, हे पाहणारा डोळा तेथे नसतो. म्हणजे जे कापड गरिबाची लाज राखते, तेच लबाडीवर पांघरूणही घालू शकते. कायद्याने दोहोंतील फरक करता येत नाही. तो मधल्या माणसाच्या सचोटीवरच सोडावा लागतो. म्हणून जुने बाजारकरी बैलाची पारख करण्याआधी दलालाची करत. त्याने अडलेल्याला कधी नाडले काय, सौद्यानंतर बैल नांगराला बसला तेव्हा तो स्वतः मध्ये पडला काय, हे विचारले जाई. असा दलाल पैशाने मोठा नसला तरी त्याचा शब्द चार खोऱ्यांत चाले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, नाना जातींचे लोक होते. रुमालाखाली हात गेला की कोणाचा हात कोणाच्या हातात आहे, हे पाहण्याची रीत नव्हती.

दावे घरी राहते

सौदा झाला तरी एक विधी उरतो. अनेक घरांत विकलेल्या जनावराबरोबर त्याचे दावे देत नाहीत. घेणाऱ्याने आपला नवा कासरा आणावा. जुने दावे सोडून विकणारा ते घरी नेतो आणि रिकाम्या खुंट्याला अडकवून ठेवतो. लक्ष्मी दावणीतून जाऊ नये, हा त्यामागचा भाव. जनावर निघताना घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळी हळदकुंकू लावते. पोळ्याला जी पूजा वाजतगाजत होते, तीच येथे कोणतेही वाद्य न वाजता होते. या वेळी चांगला दलाल पैसे मोजण्याची घाई करत नाही. तो तोंड फिरवून तंबाखू मळत उभा राहतो. हा शिष्टाचार त्याला कोणी शिकवलेला नसतो. परंतु त्यालाही आपल्या धंद्याची ही बाजू ठाऊक असते, असे त्यावरून दिसते.

बदललेला बाजार

गेल्या काही वर्षांत या धंद्याचे स्वरूप झपाट्याने पालटले आहे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. लहान यंत्रे खाचरांत उतरली. भोर तालुक्यातील रायरेश्वराच्या पठारावर, जेथे लोखंडी शिडीवरून चढावे लागते, तेथे २०२२ साली शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरचे भाग सुटे करून वर नेले आणि तेथे ते पुन्हा जोडले. ज्या पठारावर शिवरायांच्या स्वराज्याच्या शपथेची परंपरा सांगितली जाते, तेथवर यंत्र पोहोचले. डोंगरातील शेतकऱ्याच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडे. आणि बैलाची गरज कोठवर ओसरली, हेही त्यावरून समजावे.

दुसरीकडे कायद्यांनी बाजाराची गणिते बदलली. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या हत्येसही बंदी आली. गोवंशाविषयीच्या श्रद्धेतून झालेल्या या कायद्याचे अनेकांनी स्वागत केले. त्याचबरोबर थकलेल्या बैलाला बाजारात मोल उरले नाही, ही अडचणही शेतकऱ्यापुढे उभी राहिली. पूर्वी म्हाताऱ्या बैलाच्या पैशांत भर घालून गोऱ्हा घेतला जाई. तो पूल आता तुटला आहे. ‘हा विकू नका, घरीच ठेवा, याला गिऱ्हाईक नाही,’ असे सांगण्याचे कठीण काम दलालाकडे आले. जनावर घेऊन रस्त्याने जाणाऱ्या व्यापाऱ्याला कागदपत्रे जवळ असूनही धास्ती वाटते, ही तक्रारही बाजारांतून ऐकू येते.

शर्यतीच्या बैलांची गोष्ट याच्या उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. तेव्हापासून नामांकित खिल्लाराचे मोल शेतीच्या बैलाच्या कितीतरी पट झाले आहे. आदत, दुसा, चौसा हे दलालाचे जुने शब्द आज शर्यतीच्या मैदानांत ध्वनिक्षेपकावरून पुकारले जातात. परंतु तेथे बैल पळण्यासाठी घेतला जातो, नांगरासाठी नव्हे. त्याचा सौदाही पुष्कळदा बाजारात न होता परस्पर होतो.

२०२२ च्या सप्टेंबरात लंपी त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा हातावर पोट असलेल्या दलालांचे हाल झाले. त्यानंतर जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला असल्याशिवाय खरेदी-विक्री करू नये, असा दंडक शासनाने घातला. रोगाचा माग काढण्यासाठी आणि चोरी रोखण्यासाठी तो उपयोगी आहे. आता बैलाची नोंद कानातल्या क्रमांकावरून निघते, छायाचित्र मोबाइलवर फिरते आणि किंमतही त्यावरच विचारली जाते. रुमालाचे काम यंत्राने बरेच हलके केले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. कानातला क्रमांक जनावराची ओळख सांगेल. ते लहान पोराच्या हाती कासरा देण्याइतके गरीब आहे की नाही, हे सांगणार नाही. मोबाइलवरचे छायाचित्र रंग आणि शिंगे दाखवील. विकणारा का विकतो आहे आणि त्याला आज किती ताणणे माणुसकीला धरून होईल, हे दाखवणार नाही. ही दोन्ही उत्तरे आजवर मधल्या माणसाने दिली. कधी ती खरी दिली, कधी खोटी. ज्यांनी खरी दिली, त्यांच्यामुळे या डोंगरी मुलखात लिहिणे-वाचणे न येणाऱ्या माणसांनाही शेकडो वर्षे निर्धास्तपणे जनावर घेता आले.

सणाच्या दिवशी आपण बैलाच्या पाया पडतो. त्याच्या कष्टाचे ऋण मान्य करण्याचा हा आपल्या संस्कृतीने घालून दिलेला सुंदर पाठ आहे. त्या ऋणात वाटेकरी अनेक असतात. दावणीला बैल जोवर उभे आहेत, तोवर नैवेद्याच्या ताटाशेजारी एक पान गावातल्या सचोटीच्या दलालासाठीही मांडले जावे. तो येईल, बैलाच्या पाठीवर थाप मारील, सवयीने त्याचा जबडा उघडून दात पाहील, आणि मग हात धुऊन पंगतीला बसेल.